सूपभर ज्वारी

माज्या धाकट्या भावाला कागदावर दोन पोरं हायेत, हे मला चोवीस वर्षांनी कळलं. ते बी कवा, तर सोयाबीन काढायच्या ऐन गरबडीत.

त्या दिशी रानात आमी तिघंच होतो. मजूर मिळंना. अर्धं गाव कोयते घासून कारखान्याला निघायच्या तयारीत, आन वर आभाळ मावळतीकून काळं व्हायलं होतं. माजी मंडळी छबू बोटाला चिंध्या बांधून कापायली होती, कारन वाळलेल्या शेंगाचं टोक बोटात गेलं की दोन दिवस ठनकतंय. शेजारच्या पातीला विजयमाला, माज्या भावाची बायकू. ती कापती झपाट्यानं, बोलती कमी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी माज्यासमोर डोक्यावरला पदर ढळू देत न्हाई. मी मागून पेंढ्या उचलून सुडीवर टाकायलो होतो आन पावसाला शिव्या द्यायलो होतो.

माजा धाकटा भाऊ परमेश्वर, आमचा परमा, परभनीहून आला ते थेट रानातच. फौजेत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हनून घरी आलेला मानूस. बांधावरून बी परेड केल्यावानी चालतो. मी त्याची टिंगल करायचो, "आरं, सलामी कुनाला द्यायलास, बाभळीला का?" त्या दिशी मातर तो मान खाली घालून आला आन काखेतली पिशवी मांडीवर ठिऊन बांधावर बसला.

"झालं का पोरीचं काम?" मी इचारलं.

"न्हाई."

"का? कागद कमी पडला का?"

"दादा, माज्या फौजेच्या पुस्तकात दोन पोरं हायेत. एक चोवीस वर्षांचा, एक बावीस. पोरगी न्हाईच."

विजयमालाचा इळा थांबला. छबूनं माज्याकडं बघितलं. मी हातातली पेंढी तशीच धरून उभा ऱ्हायलो.

पोरगी म्हंजे प्रियंका. बारावीला बरे मार्क पडले, लातूरला नर्सिंगला नंबर लागला, चार वर्षांची डिगरी. माजी सैनिकाच्या लेकरांना असल्या शिक्षनाला सरकार शिष्यवृत्ती देतंय, चारी वर्षं. ऱ्हानं, खानं, पुस्तकं, बरंचसं त्यात भागतंय. पन अर्ज करायचा तो पहिल्याच वर्षी. पहिलं वर्ष हुकलं की मंग जिंदगीत न्हाई. परमानं मनात पक्कं केल्तं, पेन्शनवर घर चालंल, शिष्यवृत्तीवर पोरगी शिकंल, आन आपन घरी ऱ्हायचं. पुन्याहून त्याचे फौजेतले सोबती सारखे फोन करायचे, सोसायटीच्या गेटवर ड्युटी हाय, ये म्हनून. हा म्हनायचा, "चोवीस वर्षं देशाच्या दारात उभा ऱ्हायलो, आता माज्या दारात बसू द्या की."

आन ती दोन पोरं? ती झाल्ती, खोटं न्हाई. पहिलं अकराव्या दिशी गेलं. दुसरं नवव्या. दोन्ही टायमाला परमा तिकडं वर, बर्फात. पोरगा झाल्याची खबर गेली की युनिटात लाडू वाटले, साहेबानं लगी रेकॉर्डला नाव चढवलं. पोरगं गेल्याची खबर गेली, ती याच्या पोटातच ऱ्हायली.

"आरं, मंग सांगायचं न्हाई का कुनाला?" मी बांधावर त्याच्याशेजारी बसत म्हनलो.

"कुनाला सांगू, दादा? आदल्या हप्त्यात लाडू खाल्लेल्यांना?"

वर गडगडलं, तशी छबू वरडली, "उठा बाप्पा, ताडपत्री तरी टाका आधी!" आन आमी चौघं सुडी झाकायला पळालो.

खरी गोष्ट तिसऱ्या खेपेची हाय. तिसऱ्या खेपेला प्रियंका झाली. आमची माय तवा जिती होती. ती म्हनली, या कुशीवर सटवाईची नजर हाय, लेकरू पाचवीच्या आत इकून टाका. आमच्याकडं रीत हाय तशी. लेकराला सुपात घालायचं, उंबऱ्यात ठिवायचं, दुसऱ्या बाईनं सूपभर ज्वारी दिऊन इकत घ्यायचं. सटवाईला वाटावं, हे हिचं न्हाईच, दुसरीचं हाय. तर छबूनं ज्वारी मापली आन पोरगी इकत घेतली. पाच वर्षांनी विजयमालानं तेवढीच ज्वारी परत दिऊन लेकरू परत इकत घ्यायचं, अशी बोली. तवर पोरीनं छबूला आई म्हनायचं. आन मायनं परमाला फोनवर बजावलं, "दोनदा नाव चढवलंस, दोनदा लेकरू गेलं. हिचं नाव कागदावर घालशील तर माजं मढं बघशील." बंदूक चालवनारा गडी, पन ऐकलं त्यानं. कोन न्हाई ऐकनार? तुमी न्हाई ऐकलं तर सांगा.

आता माजं सांगतो. मला आन छबूला लेकरू न्हाई. देव केले, दवाखाने केले, काय झालं न्हाई. अन् ही पोरगी छबूच्या कुशीत झोपायची, माज्या खांद्यावर बसून रानात यायची. मला आबा, छबूला आई. विजयमालाला काकी. वर्सातून दोनदा ट्रंक घिऊन येनाऱ्या परमाला काका. माय चौथ्या वर्षी वारली. पाचवं वरीस सरलं, पन ज्वारीचं कुनी नाव काढलं न्हाई. विजयमाला एकदा सूप घिऊन उंबऱ्यापर्यंत आल्ती, मी बघितलंय. छबू आतून म्हनली, "विजू, आज अमुशा हाय गं." ती माघारी गेली. त्या दिशी अमुशा नव्हती.

साळंत घालायला मीच नेलं. गुरुजीनं रजिस्टर उघडलं आन इचारलं, "बापाचं नाव?" पोरगी माजं बोट धरून उभी. मी म्हनलो, "बजरंग." चुकून न्हाई म्हनलो. माहीत असून म्हनलो. गुरुजीनं लिवलं, आन घरी येस्तोवर माजे पाय जिमिनीला लागत नव्हते.

पोरगी नववीत असताना परमा शेवटच्या सुटीवर आला. भीत भीत म्हनला, "दादा, बोर्डाचा फारम भरायच्या आत नाव बदलून घिऊ. म्हंजे मी बी फौजेत चढवतो. युनिटात असताना एका अर्जावर काम हाय." मी म्हनलो, "दिवाळी होऊ दी." दिवाळी झाल्यावर म्हनलो, "ज्वारी पेरू दी." तवर त्याची सुटी सरली. थोरला ना मी! थोरल्याला उलटून बोलायची आमच्यात पद्धत न्हाई. मंग रिटायर होताना कारकुनानं पुस्तक वाचून दाखवलं, "दो लडके, ठीक है?" हा म्हनला, "जी." तिथं उभं राहून, दोन्ही मेलेत साहेब, हे त्याच्या तोंडातून निघालं न्हाई. म्हनला, घरी गेल्यावर करू. घरी मी बसलेलो होतोच.

दुसऱ्या दिशी सोयाबीन तसंच टाकून पहिल्या एस्टीनं आमी तिघं परभनीला गेलो, परमा, विजयमाला आन मी. सैनिक कल्यानच्या ऑफिसात दत्तराव म्हनून मानूस बसतेत, सोता सुभेदार होऊन आलेले, पांढऱ्या मिशा. परमा त्यांच्यासमोर ताठ उभा. बसा म्हनले तरी बसंना.

"पौळ, पोरगी तुमची आहे, यात मला शंका नाही," दत्तराव म्हनले. "पण माझ्या मनावर शिक्का उमटत नाही. या पुस्तकात तुमची दोन अपत्यं आहेत, दोघंही हयात." त्यांनी चष्मा लावला आन वाचलं, "माऊली परमेश्वर पौळ. पंडित परमेश्वर पौळ."

"काय म्हनलात?"

हे विजयमाला बोलली. सव्वीस वर्षांत परक्या मानसासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"नावं, बाई. मुलांची. माऊली आणि पंडित."

"त्यांची बारशी झालीच न्हाईत," ती म्हनली. मंग परमाकडं वळली. डोक्यावरला पदर खाली आल्ता, तिला भान नव्हतं. "नावं होती व्हय त्यांना?"

परमा भिंतीकडं बघायला होता. "साहेबानं इचारलं, नाव काय लिवू. मी सांगितली."

"मला न्हाई सांगितली?"

"सांगनार होतो. सुटीला आल्यावर. पन सुटीला आलो तवा…"

"चोवीस वर्षं मी त्यांला पहिलं आन दुसरं म्हनायली, वो," ती म्हनली. "मनातल्या मनात हाका मारायच्या तर काय म्हनून मारायच्या? पहिलं म्हनून?"

दत्तरावांनी उठून सोता पान्याचा गिलास आनून दिला. तिनं घेतला, प्याली न्हाई, हातात धरून बसली.

मंग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मानूस लय भला. म्हनले, आधी दोघांच्या मृत्यूची नोंद करून आना. ती घरीच गेली, नोंद कुठंच न्हाई, म्हंजे तहसीलला अर्ज, प्रतिज्ञापत्र, हुकूम. पोरीच्या जन्माची नोंद बघा. ती नोंद खरी निघाली, कारन बाळंतपनाला आलेली सिस्टर आमची रीत मानत नव्हती, तिनं बापाच्या जागी परमेश्वरच लिवलं होतं. मंग बजरंगरावांचं प्रतिज्ञापत्र, ही माझी मुलगी न्हाई म्हनून. मंग साळंचं नाव बदलायचं. हे समदं घिऊन फाईल रेकॉर्ड ऑफिसला जानार, तिथून यायला दोन-तीन महिने.

"आन अर्जाची शेवटची तारीख?" मी इचारलं.

"सोळा दिवसांवर." दत्तरावांनी चष्मा काढला. "मी पत्र लिहितो, फोनही करतो. पण आशा ठेवू नका. पौळ, एक सांगा मला. युनिटमध्ये असताना हे एका दिवसाचं काम होतं. तेव्हा का नाही केलंत?"

परमा ताठ उभा होता. त्यानं एकदा बी माज्याकडं बघितलं न्हाई. म्हनला, "माजी गलती झाली, साहेब."

मी बाजूच्या खुर्चीत बसून होतो. तोंड उघडायला तिथंच पायजे होतं. साहेब, गलती ह्याची न्हाई, माजी हाय, एवढंच म्हनायचं होतं. न्हाई म्हनलो. चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या मानसानं माज्यापायी एका ऑफिसात मान खाली घातली, आन मी टोपी नीट करीत बसलो.

पुढचे आठ दिवस पालमच्या तहसीलात गेले. सकाळी भाकर बांधून निघायचं, चारला परत यायचं. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, साहेब आले तर लाईट न्हाई. टाईप करनारं पोरगं झाडाखाली मशीन मांडून बसतंय. त्यानं विजयमालाला तारखा इचारल्या. तिला इंग्रजी तारखा कुठून ठाव्या! ती म्हनली, "पहिला नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी गेला. दुसरा पोळ्याच्या आदल्या दिशी, खांदेमळणीला." पोरानं मोबाईलात ते साल काढून तारखा बसवल्या. मंग ती म्हनली, "पहिला न्हाई, माऊली लिवा. दुसरा न्हाई, पंडित."

माजा नंबर आला. पोरगं टाईप करीत करीत मोठ्यानं वाचायलं, "मी बजरंग गणपती पौळ, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, प्रियंका ही माझी मुलगी नाही. शाळेत वडील म्हणून माझे नाव…" ते थांबलं. "का लागलं म्हनून लिवू, काका?"

मी काय सांगू त्याला!

"समदे अनवधानानं लिवतेत," ते म्हनलं.

"लिव मंग तसंच," मी म्हनलो.

अनवधान! मी दस्तखत केली. ती एवढी वाकडी आली की पोरगं म्हनलं, काका, अंगठा बी चालतो.

त्या आठ दिसांत परतीच्या पावसानं दोनदा झोडपलं. ताडपत्री एका कोपऱ्यातून उडली आन सुडीचा खालचा थर काळा पडला. दान्याला मोड आले, बुरशीचा वास सुटला. छबू एकटीच उलथंपालथं करून वाळवायली. आमी आलो की ती काय झालं म्हनून इचारायची न्हाई, नुसती माज्या तोंडाकडं बघायची.

तारीख दिवाळीच्या तोंडावर निघून गेली. फाईल गेल्ती, पन उत्तर कुठलं यायला! प्रियंका दिवाळीला घरी आली. तिला फोनवर समदं कळलं होतं. येताना तिनं छबूला आन विजयमालाला सारख्याच साड्या आनल्या, एकच रंग, मेसचे पैसे वाचवून. ती म्हनली, "आबा, तुमी काऊन तोंड पाडून बसलात? मी काय तुमचं नाव साळंत लावून फाशी गेले का?"

पाडव्याच्या सकाळी छबूनंच सूप काढलं. तेच जुनं सूप, कडंला चिंधी लावून शिवलेलं. विजयमालाच्या हातात दिलं आन म्हनली, "भर, विजू. तेरा वर्षं उशीर केला म्या. तुज्या पाया पडते."

"असं बोलू नका, जाऊबाई," विजयमाला म्हनली. तिनं ज्वारी भरली आन उंबऱ्याच्या बाहेर उभी ऱ्हायली. छबूनं पदर पसरून ज्वारी घेतली. प्रियंका मधी उभी. हसावं का रडावं, तिला कळंना.

"एवढ्याच ज्वारीची का मी?" ती म्हनली.

"त्या साली ज्वारी लय महाग होती, बाई," छबू म्हनली, आन पदर तसाच धरून गोठ्याकडं गेली. लय येळ आली न्हाई. मी बघायला गेलो तर गाईच्या गळ्यात पडून रडायली होती. दोन दाने बी सांडू दिले नव्हते तिनं.

पोरगी लातूरला निघाली, तवा परमा अंगनात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याला वाटत होतं, आता पोरगी आपल्याला हाक मारंल. पोरीनं वाकून नमस्कार केला. तोंड उघडलं, बंद केलं, मंग म्हनली, "येते." नुसतं येते. परमानं तिच्या डोक्यावर हात ठिवला, म्हनला, "नीट जा." आन बस निघून गेल्यावर त्यानं फौजेतली काळी ट्रंक माळ्यावरून काढली.

"परमा, मी सोयाबीनचे पैसे पोरीच्या फीला…" मी म्हनायलो होतो.

"दादा, ऱ्हाऊ दे. चार वर्षांचा तर सवाल हाय. सवय हाय मला." ट्रंकेला कुलूप लावून तो पुन्याला गेला, कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर.

कागद आला तो संक्रांतीनंतर. ज्वारी हुरड्यात आल्ती. मी रानातल्या माळ्यावर गोफन घिऊन पाखरं हाकायलो होतो, विजयमाला भाकर घिऊन आल्ती. पोस्टमननं बांधावरूनच हाक मारली. पत्र हिंदीत होतं, पन कळत होतं. मी परमाला फोन लावला आन वाचून दाखवलं.

"आलं म्हन की," तो म्हनला. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायलते. "पोरांच्या पुढं काय लिवलंय?"

"मयत. नावं कमी केली म्हनून लिवलंय."

"आन तिच्या पुढं?"

"पुत्री."

तो म्हनला, "बरं झालं. दादा, ठिवतो, गेट उघडायचंय."

विजयमाला बांधावर बसून ऐकायली होती. म्हनली, "भाऊजी, पोरीला बी लावा." मी लावला, आवाज मोठा केला. प्रियंका कॉलेजातून बाहेर पळत आली असंल, धापा टाकायली होती.

"आबा, आला कागद? खरंच? काकांला कळवलं का?"

म्हनली आन गप झाली. तिकडून हळूच आवाज आला, "सवय जात न्हाई वो, आबा. लय प्रयत्न करते मी."

"जाईल बाई, जाईल," मी म्हनलो.

फोन ठिवल्यावर विजयमालानं कागद मागितला. तिला वाचता येत न्हाई. म्हनली, "भाऊजी, ती दोघं कुठं हायेत ते दाखवा." मी बोट ठिवून दाखवलं, हा माऊली, हा पंडित. दोन्ही नावांवरून आडवी रेघ मारल्याली होती. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. ज्वारीवर पाखरं बसली होती, पन मला गोफन उचलायचं सुचलं न्हाई.

"भाऊजी," ती म्हनली, "माऊलीनं मला आईच म्हनलं असतं, न्हाई का?"

मी थोरला. एवढ्या वर्षांत मला एकदा तरी खरं बोलायचं होतं.

"व्हय माय," मी म्हनलो. "पोरीनं बी म्हनलं असतं. मीच म्हनू दिलं न्हाई."

तिनं भाकरीचं फडकं सोडलं, माज्यापुढं ठिवलं, डोक्यावरला पदर सारखा केला, आन कागद कमरेला खोचून पाखरं हाकायला ज्वारीत गेली.